काच बसते वीस मिनिटांत

सकाळी ७.३०

वॉचमनने झाडू हातात धरूनच मला गाठलं. "साहेब, दोनदा झाडलं. पण पेव्हर ब्लॉकच्या फटीत अजून आहे." फटीत होती ती माझ्या गाडीच्या डिकीची काच. आदल्या संध्याकाळी आईच्या खोलीतल्या पडद्याचा पाइप मी गाडीत तिरका सारला होता. तो पुढे गिअरपर्यंत पोचला, तरी मागे चार बोटं बाहेर राहिला. ती चार बोटं न बघता मी डिकी खाली ओढली. फटाक्यासारखा आवाज झाला. काच क्षणभर जागेवरच उभी होती, पण सगळी पांढरी, साबुदाणा थापल्यासारखी. मग एकदम खाली आली. चूक सर्वस्वी माझी. आई एवढंच म्हणाली, "पडदा आता राहू दे."

रात्री प्लास्टिक आणि ब्राऊन टेप लावून भोक बुजवलं होतं. जुलैचा पाऊस. सकाळी प्लास्टिकच्या पोटात तांब्याभर पाणी साचलेलं.

सकाळी ८.३०

सुट्टी टाकली आणि विम्याचा कागद उघडला. गाडीच्या विम्यात रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, काचेवर काहीच कापत नाहीत. हे वाचून हुरूप आला, पण हिशेब पुढे होता. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये मालकाने भरायचे असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस. पाच वर्षं क्लेम न केल्याने मला ५० टक्के सूट होती. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ७,००० चा, तो मी ३,५०० भरत होतो. एक क्लेम केला की सूट शून्यावर, आणि पुन्हा २० टक्क्यांपासून पायऱ्या चढायच्या. काच बसवणाऱ्या मिस्त्रींनी फोनवर खर्च सांगितला साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे आज अडीच हजार वाचवायचे आणि पुढच्याच वर्षी साडेतीन हजार जास्त भरायचे. बोनस सांभाळणारं जादा कलम पॉलिसीत असतं तर गोष्ट वेगळी. माझ्या पॉलिसीत नव्हतं. कागद मिटला.

सकाळी ९.३०

मालाडचा एस. व्ही. रोड, मग मार्वे रोड, मग मीठ चौकी. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा झाला. पुढची खिडकी जरा खाली केली की मागचं प्लास्टिक शिडासारखं फुगायचं, बंद केली की धुराचा वास आत यायचा. मागची काच धूरही अडवते, हे ती गेल्यावर कळलं. आरशात बघायची सवय मोडत नव्हती, आणि आरशात नुसतं फडफडणारं धुकं.

लिंक रोडला मेट्रोच्या खांबांजवळून आत वळलं की मिस्त्रींचं दुकान. पत्र्याची शेड, भिंतीला टेकून उभ्या काचा, प्रत्येकीच्या खाली लाकडी पट्टी आणि गोणपाट. गाडी बघण्याआधी त्यांनी प्रश्न सुरू केले. साल कुठलं? मागे वायपर आहे? डिफॉगर आहे? ब्रेकचा तिसरा दिवा काचेमागे की वर पत्र्यात? एकाच गाडीच्या डिकीची काच तीन-चार प्रकारची निघते, म्हणून हा जबाब. तो देऊन झाल्यावर त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. काच बारापर्यंत येणार होती.

सकाळी १०.३०

मला वाटलं, काच येईपर्यंत काम नाही. काम तेव्हाच सुरू झालं. हाताखालच्या पोराने डिकीच्या दाराचं आतलं अस्तर उपटलं. क्लिपा एकेक करून वाटीत ठेवल्या. मग ब्रश, मग व्हॅक्यूम. दाणे सीटच्या शिवणीत होते, स्टेपनीच्या खड्ड्यात होते, सीटबेल्टच्या खाचेतही दोन निघाले. ते तसेच राहिले असते तर बेल्ट अडकलाच नसता.

"आता हे ऐका," म्हणत मिस्त्रींनी डिकीचं दार वरखाली हलवलं. पोकळ पत्र्याच्या आत, कुलपाच्या बाजूला, खुळखुळा वाजला. "घाईतला माणूस हे ठेवून देतो. मग गिऱ्हाईक महिनाभर आवाज शोधत फिरतं." पोराने आत बोटं घालून, नळी घालून, दार थोपटून थोपटून मूठभर दाणे काढले. दाणा तळहातावर घेतला तर टोचत नाही. चौकोनी, बोथट, मिठाच्या मोठ्या खड्यासारखा.

असे दाणे व्हावेत म्हणूनच ही काच तशी घडवलेली असते. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. वरची कातडी आधी घट्ट होते, आतला गाभा मागाहून आकसतो आणि कातडीला आत ओढून धरतो. ही ओढाताण काचेत कायमची राहते, तीच तिची ताकद. पण कातडीच्या पार खोल ओरखडा गेला की सगळी ओढाताण एका क्षणात सुटते. मिस्त्रींची भाषा सोपी. "मधे बुक्की मारा, काही होणार नाही. हिचा जीव कडेत. कडेला फरशीचा एक कण लागू द्या, संपली." भिंतीशी गोणपाट का होतं ते कळलं.

सकाळी ११.१५

हायवेवरून आलेला एक टॅक्सीवाला. पुढच्या काचेवर खडी उडून चांदणी पडलेली, रुपयाच्या नाण्याहून लहान. मिस्त्रींनी त्यावर छोटा पंप बसवला, रेझिन सोडलं, निळ्या दिव्याखाली धरलं. अर्ध्या तासात तो गेलाही.

मी विचारलं, माझ्या काचेचं असं काही झालं नसतं का? नाही. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पापुद्रा. ती तडकते पण विखरत नाही. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू पडला, फुटला, पण तुकडे सुटले नाहीत. आत वाळलेल्या द्रावणाचा पातळ थर होता, अशी या काचेची जन्मकथा सांगतात. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढची काच जखम झाली तरी जगते. मागची एकतर धडधाकट असते, नाहीतर नसते.

दुपारी १२.१०

काच आली. पुठ्ठ्यात, दोरीने बांधलेली, टेम्पोत उभी. पोराने पुठ्ठा सोडला आणि गप्प झाला. वायपरचं भोकच नव्हतं.

"पाडता येणार नाही का?" मी विचारलं. पोरगा हसला, मिस्त्री हसले नाहीत. "भोक पाडायचं ते तापवायच्या आधी. आता ड्रिल टेकवलं की पुन्हा झाडू." काच जशी आली तशी बांधून परत गेली. फोनवर मिस्त्रींचा आवाज चढला नाही, फक्त प्रत्येक शब्द सुटा झाला. "वा-य-प-र-वाली."

दुपारी १.३०

डबा. भाकरी, मेथी, लसणाची चटणी. एक भाकरी माझ्यापुढे आली, नको म्हणायची सोय नव्हती. मिस्त्री शिकले ते पद्मिनी टॅक्सीवर. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातल्या त्या गाड्या. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, टॅक्सीचं वय वीस वर्षांपर्यंतच, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. तिची काच रबरात बसायची. काचेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. सुतळी संपली की काम संपलं, गाडी लगेच रस्त्यावर.

"आता सगळ्या पेस्टिंगच्या. तेव्हा काच गाडीत बसायची, आता गाडीला चिकटते. चिकटायला वेळ लागतो, आणि तेवढाच कोणाकडे नसतो."

दुपारी २.३०

दुसरी काच बरोबर निघाली. कोपऱ्यातला शिक्का मिस्त्रींनी मला वाचायला लावला. गाडीच्या सुरक्षा काचेचं भारतीय मानक आयएस २५५३, त्याचा आकडा त्यावर होता.

चौकटीवरची जुनी पेस्ट पोराने पात्याने तासली, पण पत्र्यापर्यंत नाही. एक-दोन मिलिमीटर मुद्दाम ठेवली. ताज्या कापलेल्या जुन्या पेस्टवर नवी उत्तम धरते. एके ठिकाणी रंग खरवडला होता तिथे प्रायमर लावला, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू. काचेच्या काळ्या किनारीवरही प्रायमर. ती किनार शोभेची नाही, खालच्या पेस्टला उन्हापासून वाचवते.

मग बंदूक. नळीच्या तोंडाला मिस्त्रींनी ब्लेडने तिकोनी खाच दिली आणि पेस्टची काळी, उभी, तिकोनी धार काचेभोवती फिरवली. हात कुठे थांबला नाही. टोकाला टोक मिळालं तिथे बोटभर चढवून घेतलं. दोघांनी सक्शनचे कप धरून काच उचलली, वर टेकवली, तळव्याने दाबली, टेप ओढल्या. मी घड्याळ बघितलं. बंदूक उचलल्यापासून वीस मिनिटं.

दुपारी ३.००

"झालं?" मी किल्लीला हात लावला. मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि मला वाटलं, या दमटपणात पेस्ट वाळायची कशी? उलट आहे. ही पेस्ट हवेतली ओल शोषूनच घट्ट होते, मालाडचा जुलै तिला मानवतो. चौकटीवर थेंब मात्र चालत नाही. "पेस्टला ओल लागते, पाणी नको." गाडी कधी हलवायची ते त्या त्या पेस्टच्या नळीवर छापलेलं असतं. पूर्ण घट्ट व्हायला मात्र दिवस जातो, कारण ती बाहेरून आत दिवसाला तीन-चार मिलिमीटरच धरते.

मधे एक तरुण आला. मागच्या काचेला काळी फिल्म हवी होती. मिस्त्रींनी मान हलवली. नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. तरुण पुढच्या दुकानाकडे गेला.

संध्याकाळी ६.१५

अस्तर परत चढलं. पोराने डिफॉगरच्या दोन वायरी जोडल्या, गाडी सुरू केली, आत बसून काचेवर जोरात श्वास सोडला आणि बटण दाबलं. धुकं आधी तारांवरून हटलं. वहीतल्या ओळींसारख्या स्वच्छ रेघा उमटल्या आणि रुंदावत एकमेकींना मिळाल्या.

बिल ३,६०० रुपये. काच २,६००, पेस्ट आणि प्रायमर ५००, मजुरी ५००. त्यावर तोंडी सूचना. उद्या संध्याकाळपर्यंत डिकी आपटायची नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, म्हणजे दरवाजा लावताना आतली हवा काचेला ढकलत नाही. टेप काढायच्या नाहीत. दोन दिवस पाण्याचा फवारा नको.

संध्याकाळी ७.३०

खिडकी बोटभर उघडी ठेवून घरी आलो. उजवी बाही भिजली. आरशात मागच्या बसचे दिवे दिसत होते.

काच बसवायला जाल तेव्हा भाव जरूर करा, पण वेळेची घासाघीस करू नका. "तासाभरात देतो" म्हणणारा तो तास दाणे काढण्यातून आणि पेस्टच्या थांबण्यातून कापणार आहे. त्या दोन्ही गोष्टी अस्तराखाली आणि काळ्या किनारीखाली झाकल्या जातात, तुम्हाला दिसत नाहीत. पाचशे रुपये मजुरी त्यांचीच आहे. आणि पाइप सोसायटीच्या जिन्याने, खांद्यावरून न्या.