लंडनचं घड्याळ तासभर सरकतं, गोंधळ मालवणात होतो

आपल्या किनाऱ्यावर मालवण, देवगड, वेंगुर्ला कुठेही जा, परदेशात कोणी नाही असं घर शोधावं लागतं. कोणी आखातात, कोणी जहाजावर, कोणी ब्रिटन-अमेरिकेत. आखातातल्या माणसाशी बोलताना हिशेब कायमचा पाठ असतो. सौदी, कुवेत, कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई-मस्कत दीड तास मागे. बारा महिने तेच. पण ब्रिटनमधल्या भाच्याला किंवा अमेरिकेतल्या मुलीला फोन लावायचा म्हटला, की वर्षातून दोनदा गडबड ठरलेली. "काल तर याच वेळेला उचललास, आज काय झालं?" "मामू, आमचं घड्याळ बदललं ना!"

हे घड्याळ बदलणं म्हणजे नेमकं काय, ते एकदा समजून घेऊ.

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री 1 वाजला की घड्याळ एकदम 2 वर नेतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री 2 वाजता ते परत 1 वर आणतात. म्हणून हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार तास. अमेरिकेच्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे ज्या घरातला एक मुलगा लंडनला आणि दुसरा न्यूयॉर्कला, तिथे मार्चमधले दोन-तीन आठवडे तिन्ही घड्याळांचा मेळ बसत नाही.

हे सुरू का झालं?

पहिल्या महायुद्धात, 1916 साली, आधी जर्मनीने आणि मग ब्रिटनने इंधन वाचवण्यासाठी ही पद्धत आणली. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम आठ तासांचा. उन्हाळ्यात लोक झोपेत असतानाच सूर्य वर येतो. घड्याळ पुढे केलं की तो उजेड संध्याकाळी वापरता येतो, असा हा विचार. मालवणात जूनचा दिवस साधारण 13 तासांचा आणि डिसेंबरचा सव्वाअकरा तासांचा. फरक दोन तासांचाही नाही. मग आपण घड्याळ हलवून मिळवणार काय?

तरीही आपल्याकडे हे एकदा झालंय. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा. शेजारच्या बांगलादेशनेही 2009 च्या जूनमध्ये घड्याळ पुढे नेलं आणि वर्ष संपताच परत मागे आणलं.

रोजा, जुम्मा आणि घड्याळ

नमाजच्या वेळा सूर्यावर ठरतात, नोकरी-शाळा घड्याळावर. खरी ओढाताण इथेच होते.

2024 चं उदाहरण घ्या. 31 मार्चला ब्रिटनमध्ये घड्याळ बदललं तेव्हा रमजान चालू होता. लंडनला 30 मार्चचा इफ्तार साडेसहाच्या सुमाराला झाला, 31 मार्चचा साडेसातच्या. ऐकणाऱ्याला वाटेल रोजा एका दिवसात तासभर वाढला. प्रत्यक्षात तो चारेक मिनिटांनीच वाढला, कारण सहरीची वेळही तासभर पुढे गेली. आणि गंमत म्हणजे मालवणातून बघितलं तर दोन्ही दिवशी तिथला इफ्तार आपल्या रात्रीच्या बाराच्या आसपासच होता. सूर्य होता तिथेच होता.

पण चूक कुठे होऊ शकते बघा. मोबाइल आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या जुन्या घड्याळात 4 बघून कोणी सहरीला बसला, तर खरे 5 वाजलेले असतात. फज्रची वेळ होऊन गेल्यावरही तो जेवत राहील आणि रोजा हातचा जाईल.

जुम्म्याचंही तसंच. लंडनला हिवाळ्यात सूर्य बाराच्या आसपास ढळतो, उन्हाळ्यातल्या घड्याळाप्रमाणे एकच्या सुमाराला. म्हणून तिथे बऱ्याच मस्जिदींत जुम्म्याची वेळ वर्षातून दोनदा बदलते. ज्याची जेवणाची सुट्टी साडेबारा ते दीड आहे, त्याला हिवाळ्यात सोयीचं पडतं, पण एप्रिलपासून साहेबाकडे वेगळी परवानगी मागावी लागते.

मार्चपेक्षा ऑक्टोबर महागात पडतो

गावात मयत झाली, दफन दुपारी 4 वाजता, लांबच्यांसाठी व्हिडिओ कॉल लावलाय. ब्रिटनमधल्या मुलाला उन्हाळ्यापासून साडेचार तासांची सवय. तो साडेअकरा वाजता फोन घेऊन बसतो. पण आदल्याच रविवारी घड्याळ मागे गेलेलं असतं, त्यामुळे आपले 4 म्हणजे त्याचे साडेदहा. तो येईपर्यंत माती देऊन लोक घरी परतलेले असतात. मार्चमध्ये अशी चूक झाली तर माणूस तासभर लवकर येतो, थांबतो. ऑक्टोबरमध्ये झाली तर शेवटचं दर्शन चुकतं. निकाह पुन्हा रेकॉर्डिंगवर बघता येतो, हे दुःख तसं भरून निघत नाही.

आपलं घड्याळ तरी सूर्याचं आहे का?

भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर ठरते. ती 1 जानेवारी 1906 ला सुरू झाली. मुंबईकरांनी मात्र आपली 39 मिनिटं मागे असलेली मुंबई टाइम पार 1955 पर्यंत सांभाळली. मालवण साडेत्र्याहत्तर अंशांच्या जवळ, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी 36 मिनिटं मागे. जोहरची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:20 ला लागते आणि फेब्रुवारीत 12:50 ला.

आता कामाच्या चार गोष्टी.

- निरोप पाठवताना नुसतं "4 वाजता" लिहू नका. "भारताचे 4, लंडनचे साडेदहा" असं दोन्ही लिहा.
- मोबाइलच्या घड्याळात नातेवाइकाचं शहर जोडून ठेवा. बोटं मोजायची गरज उरत नाही.
- नमाजच्या अ‍ॅपमध्ये मुंबई नको, मालवण टाका. जूनमध्ये मुंबईचा मगरिब आपल्यानंतर सात-आठ मिनिटांनी होतो. डिसेंबरमध्ये उलट, मुंबईचा तीनेक मिनिटं आधी. तेव्हा मुंबईची वेळ बघून रोजा सोडला तर तो वेळेआधीच सुटेल.
- ब्रिटनमधल्या मुलांना मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी आठवण करा: भिंतीवरचं घड्याळ झोपण्याआधी बदला.

आणि ऑक्टोबरनंतर मुलाचा संध्याकाळी सहाचा फोन साडेदहाऐवजी रात्री साडेअकराला येऊ लागला, तर रागावू नका. कामावरून तो त्याच वेळेला सुटतोय. दादीला तेवढं जागं राहणं जमत नसेल तर त्याला स्पष्ट सांगा, रविवारी दुपारी फोन कर म्हणून.