मराठी नावाच्या फायली आणि बॅच फाइल: प्रश्नचिन्ह दिसलं की आधी थांबा!

बॅकअपच्या बॅच फाइलचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "फाइलचं नाव इंग्रजीत असलं की कॉपी होते, मराठीत असलं की होत नाही. असं का?" आपल्या पिंपळगावात हे होणारच. आडत्याच्या कॉम्प्युटरवर 'कांदा खरेदी', 'टोमॅटो पट्टी', 'शेतकऱ्यांची यादी' अशीच नावं असतात, आणि असावीतही. नावं बदलायची गरज नाही. कॉम्प्युटर ती कशी वाचतो तेवढं समजून घ्या.

पहिली गोष्ट. विंडोज फाइलचं नाव डिस्कवर युनिकोडमध्ये ठेवतं, त्यामुळे तिथे मराठी एकदम सुरक्षित असतं. घोळ होतो तो काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये. ही खिडकी अजून जुन्या 'कोड पेज'वर चालते. आपल्याकडच्या इंग्रजी सेटिंगमध्ये ते बहुतेक ४३७ असतं. त्यात युरोपातली मात्रावाली थोडी अक्षरं आहेत, देवनागरी एकही नाही. मग मराठी अक्षराच्या जागी काय येणार? प्रश्नचिन्ह. (चौकोन दिसले तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा नुसता फॉन्टचा प्रश्न असतो, नाव बिघडलेलं नसतं.)

आता खरा धोका ऐका. विंडोजच्या कमांडमध्ये प्रश्नचिन्हाला स्वतःचा अर्थ आहे: 'इथे कोणतंही एक अक्षर चालेल'. समजा तुम्ही बॅच फाइलमध्ये 'पावती' नावाची पीडीएफ डिलीट करायची ओळ लिहिली आणि नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' प्रकारात सेव्ह केली. नोटपॅड इशारा देतं, पण आपण न वाचता ओके दाबतो. 'पावती' हा शब्द कॉम्प्युटरच्या हिशेबात पाच खुणांचा आहे: प, काना, व, त, वेलांटी. त्याची झाली पाच प्रश्नचिन्हं. आता ती ओळ काय सांगते? पाच किंवा त्याहून कमी अक्षरांच्या नावाची प्रत्येक पीडीएफ उडव! इंग्रजीत 'जीएसटी' किंवा 'पॅन' अशी तीन अक्षरी नावं असलेल्या फायलीही गेल्या. आणि डिलीट कमांडने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

मग करायचं काय? कमांड इथे मराठीत लिहितोय, तुम्ही मात्र अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा. व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलेलंच आहे.

१. बॅच फाइल सेव्ह करताना खालच्या 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ निवडा. 'विथ बीओएम' नको. तो घेतला तर पहिल्याच ओळीच्या आधी तीन विचित्र खुणा येतात आणि ती ओळ चालत नाही. पॉवरशेलच्या जुन्या ५.१ आवृत्तीत मात्र उलटं आहे, तिथे स्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर बीओएम लागतो.

२. 'एको ऑफ'च्या खालीच लिहा: सी-एच-सी-पी, स्पेस, ६५००१. म्हणजे खिडकीला सांगितलं, आता यूटीएफ-८ वाच. फोल्डरची यादी टेक्स्ट फाइलमध्ये काढतानाही आधी हेच द्या, नाहीतर यादीत प्रश्नचिन्हंच येतील.

३. नावात स्पेस असेल तर पूर्ण नाव दुहेरी अवतरणात टाका.

४. शक्यतो स्क्रिप्टमध्ये मराठी नाव लिहूच नका. 'फॉर' कमांडला 'सगळ्या पीडीएफ' असा पॅटर्न द्या, म्हणजे नावं ती स्वतः डिस्कवरून बरोबर उचलते. अख्खा फोल्डर न्यायचा असेल तर रोबोकॉपी वापरा, आणि लॉग मराठीत नीट हवा असेल तर त्याला 'युनिलॉग' हा पर्याय जोडा.

५. डिलीटची ओळ आधी 'एको' लावून चालवा, काय उडणार ते नुसतं छापून येईल. नंतरही 'स्लॅश पी' लावा, म्हणजे प्रत्येक फाइलला विचारून पुढे जाईल.

अजून एक गंमत, जी बऱ्याच जणांना वेड लावते. 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये! असं होतं कसं? 'ऱ्य' दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाकतो, कुणाचा साध्या 'र'ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक टाकतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र वेगवेगळे. फ्रेंच लोकांना त्यांच्या मात्रावाल्या 'ई'चा असाच त्रास होतो. उपाय साधा: दुकानातल्या सगळ्या मशिनवर एकच कीबोर्ड ठेवा, आणि स्क्रिप्टमध्ये नाव हाताने टाइप न करता फाइलवरूनच कॉपी-पेस्ट करा.

फायली लिनक्सच्या सर्व्हरवर जाणार असतील तर नावं आटोपशीर ठेवा. तिथे नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. म्हणजे ८५ खुणांत काम संपलं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे त्यातच मोजले जातात.

आज एवढंच करा: 'चाचणी' नावाचा फोल्डर बनवा, त्यात मराठी नावाच्या चार रिकाम्या फायली टाका आणि तुमची बॅच फाइल आधी तिथे चालवा. चारही नीट पोचल्या, की मगच खऱ्या बिलांच्या फोल्डरकडे वळा. अडलात तर व्हिडिओखाली विचारा, स्क्रीनचा फोटो मात्र नक्की जोडा.