कारखाना थांबला, मशिने चालू राहिली

जून १९८०मध्ये ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक इथला सिंगरचा कारखाना कायमचा बंद झाला. पण तिथे घडलेली शिवणाची मशिने त्या दिवशीही जगभर चालूच होती. ब्रिटनमध्ये मात्र त्यांतली कित्येक जिन्याखालच्या कपाटात, पोटमाळ्यावर, कुठे गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी झाकणाखाली पडून होती. ती बनवणारे हात आणि सुटे भाग पुरवणारे घर गेले होते. यंत्रे मात्र मोडली नव्हती, फक्त अडकून बसली होती. त्यानंतरच्या साडेचार दशकांत त्यांना पुन्हा फिरते केले ते हौशी माणसांनी. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, त्यावर काळे मशीन आडवे करायचे आणि एकेक स्क्रू सोडवायचा, असा हा छंद ब्रिटनमध्ये रुजला. आज त्याच्याकडे मागे वळून पाहताना त्याची सुरुवात कारखान्यापासूनच करावी लागते, कारण या दुरुस्तीची सोय कारखान्यानेच करून ठेवली होती.

सिंगर कंपनी अमेरिकेतली. तिने १८६७मध्ये ग्लासगोत उत्पादन सुरू केले. मागणी इतकी वाढली की १८८२मध्ये क्लाइडबँकच्या किलबोवी भागात प्रचंड कारखान्याची पायाभरणी झाली आणि १८८५मध्ये तिथे काम सुरू झाले. सुमारे दोनशे फूट उंच मनोरा आणि त्यावरचे चार तोंडांचे अवाढव्य घड्याळ ही त्या गावाची खूण झाली. १९१३ या एका वर्षात इथून दहा लाखांहून अधिक मशिने बाहेर पडली. गावाच्या मानचिन्हात शिवणयंत्र आले आणि रेल्वे स्टेशनाला नावही ‘सिंगर’ मिळाले. कारखाना जाऊन इतकी वर्षे झाली, तरी गाड्या त्या नावाच्या स्टेशनावर अजून थांबतात.

या कारखान्याने कष्टकऱ्यांचा संघर्षही पाहिला. मार्च १९११मध्ये पॉलिशच्या विभागातल्या बारा स्त्रियांनी वाढीव कामाविरुद्ध काम थांबवले. पाहता पाहता सुमारे अकरा हजार कामगार संपावर गेले. संप फसला आणि पुढाऱ्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. पुढे मार्च १९४१च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात क्लाइडबँक गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा कारखान्याचा लाकडाचा साठा जळून गेला. १९६३मध्ये घड्याळाचा मनोरा पाडला गेला, आणि सतरा वर्षांनी कारखाना बंद झाला.

क्लाइडबँकचा माल आपल्याकडेही आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात सिंगरचा धंदा वाढवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४मधल्या एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद मानले होते. ब्रिटनमध्ये सिंगरखेरीज इतरही कारखाने होते. मँचेस्टरजवळच्या गाइड ब्रिजला जोन्स, ओल्डहॅमला ब्रॅडबरी. जोन्स कंपनी १९६८मध्ये जपानच्या ब्रदरने घेतली. जुन्या जोन्सवरची सोनेरी अक्षरे राणी अलेक्झांड्राला मशीन पुरवल्याचे अभिमानाने सांगतात आणि हौशी मंडळी ती अक्षरे पुसली जाऊ नयेत म्हणून जिवापाड जपतात.

कारखाना बंद झाला त्या दशकात या छंदाला संघटित रूप आले. शिवणयंत्रे जमवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था लंडनमध्ये सुरू झाली. जुन्या जाहिराती, पेटंट, माहितीपत्रके यांचा शोध घेणारे अभ्यासक तिच्याभोवती गोळा झाले. तो काळ दुर्मिळतेचा होता. १८५०–६०च्या दशकांतली, मोजकीच उरलेली, सोन्याच्या नक्षीची यंत्रे हवी असत, आणि ती काचेच्या कपाटात ठेवली जात. साखळी टाक्याची विलकॉक्स अँड गिब्ज, व्हायोलिनच्या आकाराच्या बैठकीचे सिंगरचे ‘न्यू फॅमिली’ अशा यंत्रांना मान होता. घराघरांतल्या साध्या काळ्या सिंगरकडे त्या वेळी फारसे कोणी वळून पाहत नसे, कारण ती लाखोंनी बनली होती.

पण त्या अभ्यासकांनी एक काम असे केले की त्याचा फायदा पुढे सगळ्यांना झाला. त्यांनी मशीनच्या बैठकीवर कोरलेल्या क्रमांकांचा अर्थ लावला. १९००पासून सिंगरने क्रमांकाआधी अक्षर लावायला सुरुवात केली आणि कोणते अक्षर कोणत्या कारखान्याचे हे त्यावरून कळते. मॉडेलच्या आकड्यामागचा ‘के’ हा किलबोवीचा. त्यामुळे २८के, ६६के, ९९के, २०१के ही नावे हौशी माणसांच्या तोंडी बसली. आजीचे मशीन कोणत्या साली बनवायला घेतले होते, हे नातवाला काही मिनिटांत सांगता येऊ लागले. याच नोंदींमुळे एक जुना गैरसमजही दूर झाला. १९५१च्या सुमारास सिंगरने शंभर वर्षांच्या सेवेचा उल्लेख असलेला निळ्या काठाचा बिल्ला मशिनांवर लावला होता. तो बिल्ला म्हणजे दुर्मिळ शताब्दी आवृत्ती, असे सांगून जास्त किंमत मागितली जाई. प्रत्यक्षात तशी मशिने भरपूर बनली होती.

खरी गोडी दुरुस्तीत आहे. पन्नास-साठ वर्षे पडून असलेल्या मशीनचे चाक फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा काही मोडलेले नसते. कुणीतरी कधीकाळी चुकीचे तेल घातलेले असते. ते सुकून घट्ट, चिकट थर होतो आणि सांधे जखडतात. जोर लावला तर सांधा तुटण्याची भीती असते. म्हणून घासलेटाचे थेंब प्रत्येक सांध्यात सोडायचे, हेअर ड्रायरने ऊब द्यायची, रात्रभर वाट पाहायची, चाक हलकेच मागेपुढे हलवायचे. काळा गाळ बाहेर येऊ लागला की समजावे, रस्ता मोकळा होतो आहे. मग घासलेट पुसून शिवणयंत्राचे पातळ तेल घालायचे. स्वयंपाकाचे तेल या यंत्रांचा सर्वात मोठा शत्रू, कारण सुकल्यावर ते लाखेसारखे कडक होते.

साफसफाईतही धोका आहे. काळ्या लेपावरची सोनेरी नक्षी लाखेच्या पातळ आवरणाखाली जपलेली असते. स्पिरिट लावले की लाख विरघळते, कडक साबणाने किंवा अमोनियाने नक्षी फिकी पडून चंदेरी होते. नवखे हौशी पहिल्याच दिवशी चकचकीत करण्याच्या नादात शंभर वर्षांची नक्षी पुसून टाकतात. अनुभवी माणूस सुती फडक्यावर शिवणयंत्राचेच तेल घेऊन मळ हळूहळू सोडवतो.

यंत्र फिरले, तरी टाका नीट येतोच असे नाही. तिथून निदान सुरू होते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुबके येत असतील, तर बहुतेक लोक बॉबिन उचकटतात. दोष मात्र वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो. ताणाच्या दोन चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा कण अडकलेला असतो, किंवा कापड दाबणारा पाय खाली असतानाच दोरा ओवलेला असतो. पाय वर असताना चकत्या सैल होतात आणि तेव्हाच दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. टाके सुटत असतील तर सुई पाहायची: ती जुनी, वाकडी किंवा उलटी बसलेली असते. सुईची सपाट बाजू सगळ्या मॉडेलांत एकाच दिशेला नसते, त्यामुळे शेजारणीच्या मशीनची सवय इथे उपयोगी पडत नाही. बॉबिन भरताना सुईही वरखाली होत राहत असेल, तर चाकाच्या मधली तीन कानांची चकती कुणीतरी उलटी बसवलेली असते. ती काढून अर्ध्या फेऱ्याने फिरवली की चाक मोकळे होते. अशा क्षणी मिळणारा आनंद या छंदातल्या माणसांकडून ऐकावा!

हे सगळे घरच्या टेबलावर जमते, याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. लोखंडाचे ओतकाम, पोलादी भाग, बहुतेक जोड स्क्रूचे. त्यातही भाग एका मशीनचा दुसऱ्यात बसेल इतक्या नेमकेपणाने बनवलेले. प्रत्येक मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेत तेल कुठे घालायचे, ताण कसा बदलायचा, हे चित्रांसह दिलेले असे. शिवणारी बाई स्वतः मशीनची निगा राखील, हे कंपनीने गृहीत धरले होते. ब्रिटनमध्ये हाताने फिरवायची मशिने भरपूर खपली. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्याने कापड सरकवायचे. त्यांना ना वायर, ना मोटर. विजेच्या मशिनांची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या मोटरींच्या वायरींवरचे रबर कडक होऊन तडकते, आणि ब्रिटनच्या २३० व्होल्टच्या वीजप्रवाहात तो खेळ जिवावर बेतू शकतो. म्हणून जाणती माणसे वायरिंग आधी तपासतात, आणि स्वतःला ते काम येत नसेल तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडे देतात.

२०१०नंतर छंदाचा रोखच बदलला. २०१३मध्ये बीबीसीवर ‘द ग्रेट ब्रिटिश सूइंग बी’ सुरू झाला आणि शिवणकाम तरुण मुलामुलींच्या बोलण्यात आले. २०१७पासून ‘द रिपेअर शॉप’ या कार्यक्रमाने जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्या कारागिराला घराघरांत मान मिळवून दिला. २००९मध्ये अॅमस्टरडॅमला सुरू झालेली रिपेअर कॅफेची कल्पना ब्रिटनच्या गावागावांत पोहोचली. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी स्वयंसेवक बसतात आणि लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात. काचेच्या कपाटातली दुर्मिळ यंत्रे मागे पडली आणि साध्या काळ्या सिंगरला दिवस आले. जीन्सची कड, पिशवीचे जाड कापड, पडदे, गोधड्या हे सगळे त्यावर शिवता येते, आणि ते फार स्वस्तात मिळते. अपवाद सिंगरच्या हलक्या ‘फेदरवेट’ २२१चा आणि तिच्या बहिणीचा, २२२केचा. बाही घालून शिवता येईल अशी मोकळ्या बाहूची ही २२२के १९५०च्या दशकापासून फक्त क्लाइडबँकमध्येच बनली. गोधडी शिवणारे तिच्यासाठी आजही शेकडो पौंड मोजतात.

त्याच काळात उलट दिशेचा वापरही दिसला. ऑलसेंट्स या कपड्यांच्या ब्रिटिश दुकानांनी जुन्या मशिनांच्या रांगाच्या रांगा खिडक्यांत सजावटीसाठी मांडल्या. चालू शकतील अशी यंत्रे शोभेची झालेली पाहून अनेक हौशी माणसे हळहळली. ती हळहळ रास्त होती.

यातून सर्वात मोलाचे काम उभे राहिले ते धर्मादाय संस्थांत. १९८०च्या आसपास सुरू झालेली साउथॅम्प्टनजवळची टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स, इप्सविचची टूल्स विथ अ मिशन, बकिंगहॅमशायरमधल्या चेशमची वर्कएड या संस्था जुनी हत्यारे आणि शिवणाची मशिने गोळा करतात, स्वयंसेवकांकडून दुरुस्त करून घेतात आणि प्रामुख्याने आफ्रिकेतल्या देशांत पाठवतात. वीज नसेल तिथे हाताची आणि पायाची मशिनेच उपयोगी. ब्रिटनमधल्या एखाद्या घराने नको म्हणून दिलेले शंभर वर्षांचे यंत्र तिकडे शिवणकाम शिकणाऱ्या बाईच्या रोजगाराचे साधन होते. तेल सुकलेला सांधा सोडवण्यात घालवलेल्या संध्याकाळचे याहून चांगले फळ कोणते असणार?

संग्रहालयांनीही वाटा उचलला. कारखान्याच्या गावात, क्लाइडबँकच्या संग्रहालयात, सिंगरसह शेकडो मशिनांचा मोठा संग्रह आहे. लंडनच्या बॅलहॅममधले लंडन सूइंग मशीन म्युझियम महिन्यातून मोजक्या वेळीच उघडते, पण तिथे जाणारा माणूस घरगुती आणि कारखान्यातल्या मशिनांचा शंभर वर्षांचा प्रवास पाहून येतो. सायन्स म्युझियममध्ये थॉमस सेंट याच्या १७९०च्या पेटंटवरून विल्यम न्यूटन विल्सनने १८७०च्या दशकात बनवलेली प्रतिकृती आहे.

आता छंदापुढे नव्या अडचणी आहेत. जुन्या ‘न्यू फॅमिली’च्या सुया आज सहज मिळत नाहीत. काही मॉडेलांचे, खालचा दोरा वाहून नेणारे शटल तुटले की मिळणे कठीण. काही भाग लोक थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात, काही दुसऱ्या मोडक्या मशीनमधून काढतात. त्याहून मोठा प्रश्न पुढच्या पिढीच्या मशिनांचा आहे. १९६०–७०च्या दशकांत नायलॉनची दातेरी चाके आली. ती वय झाले की तडकतात. १९७५मध्ये सिंगरनेच अथेना २००० हे इलेक्ट्रॉनिक मशीन आणले, आणि तिथून सर्किट बोर्डांचे युग सुरू झाले. असा बोर्ड जळला की घासलेट आणि स्क्रू ड्रायव्हर निरुपयोगी ठरतात. ब्रिटनमध्ये जुलै २०२१पासून ‘दुरुस्तीचा अधिकार’ देणारे नियम लागू झाले. कपडे धुण्याची यंत्रे, भांडी धुण्याची यंत्रे, फ्रिज, टीव्ही यांचे सुटे भाग कंपन्यांनी ठराविक वर्षे पुरवले पाहिजेत, असे ते सांगतात. शिवणाची मशिने त्यांच्या यादीत नाहीत. ती यादीत यावीत, त्यांचे आराखडे आणि भाग दुरुस्त करणाऱ्यांना मिळावेत, ही मागणी आज मशीन विकत घेणाऱ्या प्रत्येकाने करायला हवी. क्लाइडबँकच्या अभियंत्यांनी १८८५मध्ये कोणताही कायदा नसताना दिलेली सोय आज कायद्याने मागावी लागते आहे.