रानातील बालवाडी आणि सरकारी परवाना

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटल शहर ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तेथे, लहान मुले दिवसाचा बहुतेक काळ पावसापाण्यात आणि झाडीत घालवतात अशा बालवाड्या परवान्याविना चालत असत, एवढे ऐकताच त्या कायद्याची नजर चुकवून चालत असाव्यात असा तर्क पुष्कळजण करतात. वस्तुतः दिवसाकाठी चार तासांहून अधिक वेळ मुले न ठेवणाऱ्या पूर्वप्राथमिक वर्गांना तेथील कायद्यानेच परवान्यातून सूट दिली असल्यामुळे या बालवाड्या राजरोस चालत. अडचण निराळी होती. दिवसभर नोकरी करणाऱ्या आईबापांना ते अपुरे वेळापत्रक निरुपयोगी होते, आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना बालसंगोपनासाठी राज्याच्या खजिन्यातून मिळणारे साहाय्य बिनपरवाना बालवाडीच्या फीपोटी वापरता येत नव्हते. हा सुखवस्तू घरांचा शौक आहे, हा आक्षेप त्यामुळे अगदीच निराधार नव्हता. मात्र त्याचे खापर रानावर फोडणे अन्यायाचे होते.

मग परवाना का घेतला नाही, असे कोणी विचारील. तो मागायचा तर आधी इमारत दाखवावी लागे. प्रत्येक बालकामागे ३५ चौरस फूट बंदिस्त जागा हवी, हा नियम ज्या वर्गाला मुळी भिंतीच नाहीत त्याने पाळावा कसा? २०१७ साली राज्याच्या विधिमंडळाने प्रायोगिक परवान्याचा कायदा केला, २०१९ मध्ये ऑर्कस बेटावरील एका बालवाडीला पूर्ण दिवसाचा असा पहिला परवाना मिळाला, आणि २०२१ मध्ये ही तरतूद कायम झाली. (गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काढलेल्या कुरणशाळा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना छपराचा हा आग्रह थोडा नवलाचाच वाटेल.)

परवाना आला म्हणजे रानाला कुंपण पडणार, ही भीती कायद्याची व्याख्या वाचल्यावर उरत नाही: दिवसातील किमान चार तास किंवा एकूण वेळेचा अर्धा भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढा काळ मुले मान्यताप्राप्त नैसर्गिक जागेत असलीच पाहिजेत, आणि अभ्यासक्रमही निसर्गाधिष्ठित हवा. याउलट, मुले मोकाट सोडली जातात हा समजही तितकाच चुकीचा. झाडावर चढणे किंवा ओढ्याकाठी खेळणे यांसारख्या गोष्टींचा लाभ कोणता, धोका कोणता आणि त्यावर उपाय कोणता, याची लेखी छाननी चालकांना करावी लागते. शौच व हात धुण्याची सोय हवी. आणि विजा, वादळ किंवा वणव्याचा धूर आला तर मुलांना कोठे न्यायचे हे आधीच ठरलेले असावे लागते. बंद खोलीत चालणाऱ्या किती बालवाड्या आपल्या धोक्यांचा असा हिशेब मांडतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

एक गैरसमज मात्र खुद्द नव्या चालकांचाच असतो: परवाना हाती आला की जागाही मिळाली. तसे नाही. बालविकास खात्याचा परवाना जमिनीवर कोणताही हक्क देत नाही. उद्यान नगरपालिकेचे असो वा रान खाजगी मालकाचे, तेथे रोज मुले आणण्याची संमती स्वतंत्रपणे मिळवावी लागते.