मांडवीतली बेटे: दिवाडी, जुवे आणि चोडण

१५८० ते १६४० अशी साठ वर्षे गोव्याचा कारभार स्पेनच्या राजाच्या नावाने चालला. पोर्तुगालच्या गादीला वारस उरला नाही, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने तिच्यावर हक्क सांगितला, आणि मनिला, मेक्सिको, क्युबा ज्याच्या ताब्यात होते त्याच राजाच्या पदरात गोवेही पडले. कारभारी माणसे पोर्तुगीजच राहिली, पण व्हाइसरॉयच्या नेमणुकीवर शिक्का स्पेनच्या राजाचा असे. जुन्या गोव्यातल्या काही सर्वांत देखण्या इमारती याच साठ वर्षांत उभ्या राहिल्या.

कॅरिबियन समुद्रात किंवा फिलिपिन्समध्ये यॉट भाड्याने घ्यायची आणि स्पॅनिश गढ्या, चर्च, जुनी बंदरे पाहत बेटामागून बेट हिंडायचे, ही सुटी जगभरातल्या पर्यटकांना भुरळ घालते. नांदेड-लातूरच्या कुटुंबाला तिच्यासाठी पासपोर्ट काढायला नको. माड-पोफळी, जांभ्याच्या भिंती, टेकडीवरचे पांढरेशुभ्र चर्च आणि चहूबाजूंनी पाणी, हे सारे मांडवी नदीत जुन्या गोव्यासमोर आहे. मराठवाड्यातून दरवर्षी गाड्या भरभरून गोव्याला जातात. कळंगुट, बागा, दोन चर्च आणि संध्याकाळची नदीतली सफर झाली की परततात. बेटे राहून जातात, आणि खरा जुना गोवा तर तिथेच आहे.

पणजी आणि नदीपलीकडचे ब्रिटोना इथून खासगी यॉट तासाच्या हिशेबाने मिळतात. भाडे बोटीच्या आकारावर ठरते. आठ-दहा जणांनी मिळून घेतली तर ते अंगावर येत नाही. बहुतेक बोटी समुद्राच्या दिशेने, आग्वादकडे वळतात. बेटे पाहायची असतील तर उलट्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला न्यायला आधीच सांगावे. त्या वाटेने जाताना उजव्या हाताला पणजी ते रायबंदर असा सेतू दिसतो. १६३३-३४ मध्ये लिन्यारेसच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयने, तो बांधून घेतला. तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या या सेतूवरून आजही वाहने धावतात.

पुढे जुन्या गोव्याचा धक्का लागतो आणि समोर व्हाइसरॉयची कमान उभी राहते. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय इथेच उतरे आणि कमानीखालून शहरात शिरे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याने पणजोबांच्या आगमनाच्या शताब्दीनिमित्त ही कमान उभारली. नदीकडच्या बाजूला कोनाड्यात वास्को उभा आहे. बहुतेक लोक तेवढा फोटो काढून पुढे जातात. आतल्या भिंतीवरचा शिलालेख मात्र थांबून पाहावा. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून सुटला, त्याची ती आठवण आहे. दुसऱ्यांच्या मुलखावर राज्य करणाऱ्यांनी स्वतःच्या स्वातंत्र्याचा दगड इथे, गोव्यात बसवला! इथल्या लोकांना ते स्वातंत्र्य मिळायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ हा आपला मुक्तिदिन मानणाऱ्या मराठवाड्याला उशिरा आलेल्या स्वातंत्र्याची किंमत वेगळी सांगायला नको.

कमानीपासून चालत जाण्याच्या अंतरावर बॉम जेझूचे चर्च आहे. १५९४ मध्ये त्याचे काम सुरू झाले, १६०५ मध्ये ते वापरात आले. म्हणजे सगळी बांधणी स्पेनच्या काळातली. ज्यांचा देह तिथे ठेवला आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर जन्माने आजच्या स्पेनमधल्या नवारचे. चर्चच्या दर्शनी भागात काळा दगड दिसतो, तो वसईहून आणलेला बसाल्ट. औसा आणि कंधारचे किल्ले पाहिलेल्या माणसाला हा दगड परका वाटणार नाही. बाकीचा जांभा तर बिदरच्या किल्ल्याचाच भाऊबंद.

बिदरचे नाव उगीच आलेले नाही. उदगीरच्या शेजारच्या या राजधानीतून बहमनी वजीर महमूद गावानने स्वारी केली आणि १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवे घेतले. पुढे ते विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले आणि १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने जिंकले. लातूरच्या सीमेवरून निघालेला रस्ता पाचशे वर्षांपूर्वीही मांडवीपर्यंत पोचत होता.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडीला जाते. नदी परिवहन खात्याच्या या बोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि गाडीही चढवता येते. काही मिनिटांत पलीकडचा काठ येतो. रस्ता दोन्ही बाजूंच्या भातखाचरांतून सरळ पिएदाद गावाकडे जातो. ही खाजन शेती मराठवाड्याच्या शेतकऱ्याने आवर्जून पाहावी. नदीचे पाणी खारे आहे, ते शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. बांधात एक लाकडी झडप असते, तिला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की उघडते आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. वीज लागत नाही, पंप लागत नाही. कोरगूट नावाचे खारे सोसणारे भात या जमिनीत येते आणि झडपेपाशी मासळीही मिळते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकराला, पाणी जास्त झाल्यावर त्याला शिस्त कशी लावतात हे इथे उमगते.

टेकडीवरच्या पिएदाद चर्चचा आराखडा गोव्याच्याच एका धर्मगुरूने केला होता. चर्चशेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये जुन्या देवळाच्या छताचे कदंबकालीन कोरीव दगड आहेत. मान वर करून पाहिले की फुलांची नक्षी दिसते. चर्चच्या अंगणातून मांडवी आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात.

या बेटाचा मूळ मालक सप्तकोटेश्वर. कदंब राजे आपल्या नाण्यांवर त्याचे नाव घालत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत देऊळ पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला, नार्वे इथे नेले. १६६८ मध्ये, शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीला, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे देवळाचे काम सुरू झाले. तसा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. आतले धारालिंग तेच, नदी ओलांडून आलेले. दिवाडी पाहून नार्वे न पाहणे म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकणे.

शेजारच्या जुवे बेटाचे पोर्तुगीज नाव सांतु इश्तेव्ह. आज ते भेंडीसाठी नावाजलेले आहे, पण मराठी वाचकाला ते संभाजी महाराजांमुळे माहीत असायला हवे. नोव्हेंबर १६८३ मध्ये व्हाइसरॉय काउंट आल्व्होरने फोंड्याचा मराठ्यांचा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला आणि मार खाऊन परतला. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठे जुव्याच्या किल्ल्यात शिरले. राजधानी हाकेच्या अंतरावर होती. दुसऱ्या दिवशी स्वतः व्हाइसरॉय फौज घेऊन आला, जखमी झाला आणि जीव वाचवून पळाला. शहर हातचे जाणार अशी त्याची खात्री झाली. त्याने बॉम जेझूमध्ये झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला. परंपरा सांगते की, याच धामधुमीत महाराजांचा घोडा खाडीच्या पाण्यात वाहू लागला तेव्हा खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवले. पुढे मुघल फौज घाट उतरून आली म्हणून मराठ्यांना माघारी फिरावे लागले. बोटीतून त्या अरुंद पात्राकडे पाहिले की गोवे किती थोडक्यात वाचले हे लक्षात येते.

तिसऱ्या बेटावर, चोडणला, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीच्या वाटांतून छोटी होडी आत नेते. सकाळी, भरतीच्या वेळी जावे.

ज्यांना बेटावर उतरायला जमणार नाही, त्यांच्या ताटात स्पेन-पोर्तुगालची जहाजे आधीच येऊन गेली आहेत. धर्माबादच्या बाजारातली मिरची, बालाघाटातले सीताफळ, ठेच्यातले शेंगदाणे ही सगळी पिके मूळची अमेरिका खंडातली. तिथले मुलूख बहुतांशी स्पेनने जिंकले, आणि ही पिके समुद्रमार्गाने आपल्याकडे आली.

लातूरहून सोलापूर, विजयपूर, बेळगाव करत चोर्ला घाट उतरला की साखळी आणि डिचोली आधी लागतात. तिथून नार्वे जवळ आहे. देवदर्शन करून तिथल्याच धक्क्यावरून गाडीसह फेरीने दिवाडीत उतरावे, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्यात जावे. हीच वाट सर्वांत चांगली. यॉट दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरामचा उत्सव असतो. वाड्यावाड्यांचे झेंडे मिरवतात आणि गर्दी उसळते. शांतपणे पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

बेटांवरची जुनी घरे राहती आहेत. फाटकाच्या आत फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारावे. बाटल्या आणि पिशव्या परत गाडीत आणाव्यात. आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे धक्क्यावर विचारूनच बेटावर हिंडायला निघावे.