निम्म्या भावात आलिशान एसयूव्ही दारात. पण इसार देण्याआधी हा हिशेब मांडा

ऊसबिल जमा झालं, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला किंवा घरात लग्न ठरलं, की गावागावात एकच विषय निघतो, मोठी गाडी. नवीन घ्यायची तर ४०-५० लाखांचा आकडा ऐकूनच माणूस मागे सरतो. मग मोबाईलवर फोटो फिरू लागतात. पांढरीशुभ्र फॉर्च्युनर, काळी बीएमडब्ल्यू, दिल्ली पासिंगची मर्सिडीज, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. "भाव पडलेत, आत्ताच उचला," असं एजंट सांगतो.

भाव उतरलेत, हे खोटं नाही. पण ते का उतरलेत आणि कमी भावात घेतलेली गाडी पुढच्या चार वर्षांत किती पैसे खाणार, हे कळल्याशिवाय इसार देणं म्हणजे शेत न पाहता खरेदीखत करण्यासारखं आहे.

भाव का पडले?

पहिलं कारण जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचे कर बदलले. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, असा एकूण ५० टक्के कर होता. आता सेस गेला आणि सरसकट ४० टक्के कर राहिला. कराआधीची किंमत ३० लाख धरली, तर तीच गाडी आधी ४५ लाखांना पडायची, आता ४२ लाखांना पडते. नवीन गाडी ३ लाखांनी उतरली की दोन वर्षं वापरलेल्या गाडीला जुना भाव कोण देणार? साहजिकच जुन्याचा भावही खाली आला.

दुसरं कारण दिल्ली. तिथे आणि आसपासच्या एनसीआर भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घालणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा नियम दिल्लीत आला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयामुळे मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, असं सांगितलं. मात्र डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरताच ठेवला. या सगळ्या अनिश्चिततेत तिथल्या मालकांनी डिझेल गाड्या मिळेल त्या भावात काढल्या. त्यातल्या अनेक इतर राज्यांत पोचल्या.

तिसरं कारण नेहमीचंच. महागडी गाडी पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त किंमत गमावते. विमा कंपन्यांचा तक्ताच बघा. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना १ ते २ वर्षांच्या गाडीला २० टक्के, २ ते ३ वर्षांच्या गाडीला ३० टक्के, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. त्यामुळे पाच वर्षांची गाडी निम्म्या भावात मिळाली तर ती लॉटरी नव्हे, तो बाजाराचा साधा नियम आहे. आणि हाच नियम पुढे आपल्यालाही लागू होणार. आज १५ लाखांना घेतलेली गाडी तीन वर्षांनी विकायला काढली, तर १५ लाख कुणी देणार नाही.

गाडी स्वस्त, स्पेअर पार्ट मात्र नव्याच्याच भावात

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ६० लाखांची गाडी १५ लाखांना मिळाली, तरी तिचे टायर, ब्रेक, हेडलाइट आणि गिअरबॉक्सचे पार्ट १५ लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते ६० लाखांच्या गाडीचेच राहतात.

काही जर्मन गाड्यांत एअर सस्पेन्शन असतं, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे. जुन्या गाडीत हे फुगे गळू लागतात आणि गाडी रात्रभर उभी राहिली की एका बाजूला बसते. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावर ते काही अंतर चालतात, पण तालुक्याच्या पंक्चरवाल्याकडे त्याचा इलाज मिळेलच असं नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूरसारख्या शहरात. गाडी बंद पडली की आधी टोइंगचा खर्च, मग दुरुस्तीचा.

डिझेल गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल, तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, धूर गाळणारा डीपीएफ नावाचा फिल्टर. घर ते शेत, शेत ते बाजार अशी दोन-चार किलोमीटरचीच रोजची धाव असेल तर तो काजळीने भरतो. साफ व्हायला त्याला मध्येमध्ये महामार्गावरची लांब धाव लागते. दोन, अनेक गाड्यांना डिझेलसोबत अ‍ॅडब्लू नावाचं द्रावण लागतं. ते युरियापासून बनतं, म्हणून शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकण्याची 'आयडिया' कुणी दिली तर अजिबात ऐकू नका. खताच्या युरियातली अशुद्धी त्या यंत्रणेत अडकते आणि दुरुस्तीचं बिल मोठं येतं.

गावासाठीच घ्यायची असेल तर जिचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे, जिचे पार्ट जिल्ह्यात मिळतात आणि जिच्यावर दोन-तीन मिस्त्रींचा हात बसलेला आहे, तीच गाडी बरी. फॉर्च्युनरचा जुना भाव इतरांइतका का पडत नाही, याचं उत्तर बरंचसं यातच आहे.

महिन्याचा खर्च कागदावर मांडा

समजा, गाडी १५ लाखांची. ५ लाख रोख आणि १० लाख कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा सहसा जास्त असतो. तो १४ टक्के आणि मुदत चार वर्षं धरली, तर हप्ता येतो महिन्याला सुमारे २७,३०० रुपये. चार वर्षांत १० लाखांचे १३ लाखांहून जास्त भरावे लागतात.

महिन्याला १,००० किलोमीटर धाव आणि लिटरला १० किलोमीटर अ‍ॅव्हरेज धरलं, तर १०० लिटर डिझेल. ९० रुपये भावाने ९,००० रुपये. म्हणजे विमा, सर्व्हिस आणि टायर सोडूनच महिन्याला ३६ हजारांच्या वर. ऊसबिल वर्षातून येतं, हप्ता दर महिन्याला येतो. हप्ते थकले की बँक गाडी ओढून नेते, लिलाव करते आणि लिलावात कमी पडलेली रक्कमही मागते. पडत्या बाजारात ही तूट मोठी असते.

दिल्ली पासिंग गाडीचा लपलेला खर्च

परराज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. "दिल्ली नंबरवरच चालवा, कुणी विचारत नाही," हा सल्ला महागात पडू शकतो.

इथला नंबर घ्यायचा म्हणजे इथला रोड टॅक्स भरायचा. महाराष्ट्रात नव्या खासगी डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांना १४ टक्के आणि २० लाखांवर १५ टक्के टॅक्स आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो. पण हिशेब आपण गाडी कितीला घेतली यावर नव्हे, तर तिच्या मूळ किमतीवर होतो. त्यामुळे ५० लाखांची गाडी १२ लाखांना घेतली तरी टॅक्सचा आकडा धक्का देऊ शकतो. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळवण्यासाठी तिकडे वेगळा अर्ज करावा लागतो. इसार देण्याआधी गाडीची आरसी आणि मूळ बिल घेऊन आपल्या आरटीओत जा आणि आकडा काढून घ्या. टॅक्स, वाहतूक आणि एजंटचं कमिशन धरल्यावर 'स्वस्त' गाडी इथल्याच गाडीच्या भावात पडते का, ते बघा.

तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात असल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येतं.

कागद: इथे चूक झाली तर गाडी आणि पैसे दोन्ही जातात

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. चेसिस नंबरजवळ घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील तर गाडी तिथेच सोडा.

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदत दिसते. ई-चलन किती थकलंय तेही वेगळं तपासा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. "कर्ज फिटलंय, कागद नंतर देतो" हे चालणार नाही.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी चार हात फिरवायची पद्धत सर्रास आहे, पण ती दोघांनाही गोत्यात आणते. अपघात झाला तर कायद्याच्या नजरेत आरसीवर नाव असलेलाच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून आपली जुनी गाडी विकतानाही नाव बदलल्याची खात्री करा.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, नव्या मालकाकडे आपोआप येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही आपल्याला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

गाडी डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे. "१८ टक्के जीएसटी वेगळा" म्हणून पूर्ण किमतीवर कर लावत असेल तर थांबा. जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर लागतो. १४ लाखांना घेऊन १५ लाखांना विकली तर कर १ लाखावर, म्हणजे १८,००० रुपये. मालकाकडून थेट घेतली तर जीएसटी नाही.

गाडी पाहायला जाताना

सकाळी जा आणि इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन खोड लपवतं.

किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, म्हणून त्यावर विसंबू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नोंदी मागा. काटा ६० हजार दाखवतो आणि स्टेअरिंग, पेडल गुळगुळीत झालेत, सीट दबलंय, तर शंका घ्या.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाचा डाग दिसतो. कार्पेट उचला, सीटखालच्या रुळांचा गंज बघा, हेडलाइटच्या आत वाफ धरलीय का पाहा.

स्कॅनर लावणारा, त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणारा मिस्त्री सोबत न्या. त्याला दिलेले दोन-तीन हजार वाया जात नाहीत. आणि फक्त फोटो पाहून, "बदली झालीय, तातडीने विकायचीय" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नका.

भाव कसा ठरवायचा?

त्याच मॉडेलची आजची नवी किंमत काढा, जीएसटी कमी झाल्यानंतरची. विकणारा त्याच्या खरेदीच्या वेळचा आकडा सांगेल, तो आता उपयोगाचा नाही. मग चालू विमा पॉलिसीवरची आयडीव्ही बघा. मागितलेला भाव तिच्यापेक्षा बराच जास्त असेल तर कारण विचारा. बराच कमी असेल तर जास्तच विचारा. त्यातून टायर, बॅटरी, राहिलेली सर्व्हिस आणि टॅक्स वजा करा. उरलेला आकडा बोला आणि गप्प राहा. बाजार पडता असताना घाई विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नाही.

शेवटी एक गोष्ट. गाडीच्या किमतीशिवाय वर्षभराची दुरुस्ती भागेल एवढी रक्कम वेगळी बाजूला ठेवता येत असेल, तरच मोठ्या गाडीकडे वळा. ती ठेवता येत नसेल, तर जमिनीचा मोबदला पोरांच्या शिक्षणाला, विहिरीला, ठिबकला लागू द्या. गेलेली जमीन परत येत नाही, आणि तिच्या पैशातून आलेली गाडी दारात उभी राहून दरवर्षी स्वस्त होत जाते.