बंगालमधील टोल : एका अध्यापकाची पाठशाळा

बंगालमध्ये संस्कृत विद्येच्या ज्या पाठशाळा शतकानुशतके चालत आल्या, त्यांना 'टोल' अथवा 'चतुष्पाठी' असे म्हणत. टोल म्हणजे एका अध्यापकाची शाळा. त्याचे गवताने शाकारलेले घर, लगत विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मातीच्या खोल्या आणि पाठासाठी एक ओसरी, एवढाच तिचा पसारा. तेथे फळा नव्हता, घंटा नव्हती, इयत्ताही नव्हत्या. ग्रंथ म्हणजे बहुधा विद्यार्थ्याने स्वतः उतरवून घेतलेली पोथी असे.

विल्यम अ‍ॅडम या स्कॉटिश गृहस्थाने 1835 ते 1838 या काळात सरकारच्या सांगण्यावरून बंगाल-बिहारमधील देशी शिक्षणाची पाहणी केली. राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याच्या हद्दीत त्याला 38 टोल आणि 397 विद्यार्थी आढळले. त्यांपैकी 261 विद्यार्थी परगावचे होते आणि त्यांच्या राहण्याजेवणाची तजवीज अध्यापकच करीत असे. शुल्क कोणाकडूनच घेतले जात नव्हते. विद्येचा विक्रय निंद्य मानला जाई. मग हा खर्च भागे कसा? इनाम मिळालेली ब्रह्मोत्तर जमीन असे, आणि श्राद्ध-विवाहादी प्रसंगी धनिकांकडून 'विदाय' म्हणजे संभावना मिळे. तिची रक्कम पंडिताच्या लौकिकावर ठरे. अशा प्रसंगी जमलेल्या सभेत शिष्य परस्परांशी शास्त्रार्थ करीत आणि गुरूचा लौकिक पुष्कळसा तेथेच ठरे. शिष्याकडून गुरूची जी अपेक्षा असे, ती अगदीच निःस्वार्थ नव्हती.

गुरुकेंद्री वर्ग म्हटला की एकाने सांगावे आणि इतरांनी मान डोलवावी, असे चित्र डोळ्यांसमोर येते. व्याकरणाच्या टोलात आरंभीची वर्षे खरोखरच घोकंपट्टीत जात. (ज्या 'मुग्धबोध' व्याकरणाने बंगालमधील पिढ्या घडविल्या, त्याचा कर्ता बोपदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयास होता, हे मराठी वाचकास रोचक वाटेल.) न्यायशास्त्राच्या टोलात मात्र मौन हा गुण नव्हता. विद्यार्थी पोथीतील एक वाक्य वाची, गुरू त्याचा अर्थ उलगडून दाखवी, आणि लगेच आक्षेप सुरू होत. नवद्वीपच्या ज्या परंपरेत हे शिक्षण चाले, तिचा मुख्य पुरुष रघुनाथ शिरोमणी. मिथिलेच्या गंगेशाच्या 'तत्त्वचिंतामणी'वर टीका लिहिताना त्याने मूळ ग्रंथकाराशी मतभेद मांडण्यास संकोच केला नाही, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच टीकेचा काथ्याकूट केला. ग्रंथ पूज्य होता, तरी त्याला प्रश्न विचारणे हाच त्याचा अभ्यास होता. पाठ संपल्यावरही वाद थांबत नसे. वरचे विद्यार्थी खालच्यांना शिकवीत आणि रात्री दिव्यापाशी पुन्हा तीच पंक्ती निघे. परीक्षा नव्हती. शिष्य तयार झाला असे गुरूला वाटले, की तो त्याला 'तर्कालंकार', 'न्यायरत्न' अशी उपाधी देई.

अर्ध्या उघड्या अंगाने वावरणारी ही साधी माणसे व्याकरण-तर्काच्या सूक्ष्मातिसूक्ष्म भेदांत पारंगत आहेत, हे पाहून अ‍ॅडम चकित झाला. एवढी बुद्धी शब्दच्छलात खर्ची पडते, याची त्याला खंतही वाटली. त्याचे आकडे या खंतीला दुजोरा देतात. बर्दवान जिल्ह्यातील 190 टोलांत 1,358 विद्यार्थी होते. त्यांत व्याकरण शिकणारे 644, न्याय 277, धर्मशास्त्र 238, आणि वैद्यक अवघे 15. याहून बोलके आकडे जातींचे आहेत : ब्राह्मण 1,296, वैद्य 45, दैवज्ञ 11, वैष्णव 6. अन्न फुकट, विद्या फुकट. पण दार मात्र मोजक्यांनाच उघडे होते.

देशी शाळांच्याच पायावर नवे शिक्षण उभारावे, ही अ‍ॅडमची सूचना सरकारने मानली नाही. टोल एकेका माणसावर उभा असल्याने पंडित वारला आणि जागा चालविणारा मुलगा वा शिष्य नसला, की विद्यार्थी दुसरा गुरू शोधीत निघून जात.

दरम्यान कलकत्त्यात 1824 मध्ये सरकारी संस्कृत कॉलेज सुरू झाले होते. तेथे शास्त्रे तीच, पण अध्यापक पगारी होते. ईश्वरचंद्र विद्यासागर 1851 मध्ये त्याचे प्राचार्य झाले. तोवर तेथे ब्राह्मण आणि वैद्य यांनाच प्रवेश मिळे. त्यांनी आधी कायस्थांना आणि पुढे इतर हिंदू जातींच्या मुलांनाही दार उघडले. प्रतिपदा-अष्टमीच्या अनध्यायाऐवजी रविवारची सुटी आली, वेळेवर हजर राहण्याची सक्ती झाली, आणि काही काळाने विद्यार्थ्यांकडून शुल्कही घेतले जाऊ लागले.